विश्लेषण : ओळखपत्राआधी आधार! लिंगभाव-विविध किशोरांचे मन कोण सांभाळणार?

विश्रांतवाडी पोलीस ठाण्यासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांचे कार्यालय आहे. तृतीयपंथीयांसाठीच्या सरकारी योजना आणि ओळखपत्रांच्या कामासाठी पुणे जिल्ह्यातील लोक तेथे येतात. याच भागात, येरवड्यात, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. एका ठिकाणी हक्कांची कागदपत्रे, तर दुसऱ्या ठिकाणी मनाचे उपचार. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि मनाला जाणवणारी ओळख यांचा मेळ न बसणाऱ्या किशोरवयीन मुलांचा विषय निघाला, की बहुतेक पालकांना यांपैकी एखादे दार आठवते. प्रत्यक्षात १४-१५ वर्षांचे मूल यांपैकी कोणत्याही दारापर्यंत एकटे पोहोचू शकत नाही. त्याचा कस लागतो तो घरात आणि वर्गात. या मुलांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न नेमका काय आहे, कायदा कुठे साथ देतो आणि कुठे हात आखडता घेतो, याविषयी...

लिंगभाव-विविध म्हणजे नेमके कोण?

बाळ जन्मले की शरीराकडे पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. ही झाली लिंगाची नोंद. आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की या दोन्हींत बसत नाही, याची आतून होणारी जाणीव म्हणजे लिंगभाव. बहुतेकांच्या बाबतीत नोंद आणि जाणीव जुळतात. ज्यांच्या बाबतीत जुळत नाहीत त्यांना पारलिंगी म्हटले जाते. सरकारी कागदपत्रांत ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ आहे. काहींना स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच म्हणवून घ्यायचे नसते. या सगळ्यांना मिळून लिंगभाव-विविध असे म्हणता येते.

येथे तीन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. आकर्षण कुणाविषयी वाटते हा लैंगिक कलाचा भाग आहे. त्याचा लिंगभावाशी थेट संबंध नाही. जन्मतः शरीराची लैंगिक रचना वेगळी असणे, म्हणजे आंतरलिंगी असणे, हीसुद्धा वेगळी बाब आहे. तसेच मुलाने बाहुल्या खेळणे किंवा मुलीने केस बारीक कापणे यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. आवड ही आवड असते. स्वतःविषयीची जाणीव सातत्याने, दीर्घकाळ आणि ठामपणे व्यक्त होत असेल, तर मात्र ती ऐकून घ्यायला हवी.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच ‘इतर’ असा लिंगाचा पर्याय देण्यात आला. देशात ४ लाख ८७ हजार ८०३, तर महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची त्यात नोंद झाली. देशातील आकड्यात ० ते ६ वयोगटातील ५४ हजार ८५४ बालके होती. ही माहिती प्रगणकाला सहसा घरातील मोठी माणसे देतात. जे मूल घरात काही बोललेलेच नाही, ते या आकड्यांत दिसणार नाही, हे उघड आहे.

हा मानसिक आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात लिंगभावातील विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात ठेवण्यात आली. उपचार हवे असणाऱ्यांना ते मिळावेत म्हणून नोंद कायम राहिली. पण मनोविकाराचा शिक्का पुसला गेला.

भारतातील मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सुद्धा हेच सांगतो. एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत बसत नाही, एवढ्या कारणावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. लिंग, लिंगभाव किंवा लैंगिक कलाच्या आधारे मानसिक आरोग्य सेवा देताना भेदभाव करण्यासही या कायद्याने मनाई केली आहे.

पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ हे वाक्य चेष्टेत सर्रास वापरले जाते. ज्या मुलाला आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत याची आधीच धास्ती आहे, त्याला ही चेष्टा धमकीसारखी ऐकू येते. मदत मागणे म्हणजे स्वतःला वेडे ठरवून घेणे, असा समज झाला की ते मूल नंतर खरोखर नैराश्यात असतानाही समुपदेशकाचे दार ठोठावत नाही.

मग मनावर ताण येतो कशाचा?

वेगळा लिंगभाव हा आजार नसला, तरी अशा मुलांमध्ये नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करून घेणे आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण जास्त असल्याचे जगभरातील अभ्यासांत दिसते. अमेरिकेतील संशोधक इलन मेयर यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘अल्पसंख्याक ताणा’ची संकल्पना यामागचे कारण समजावून सांगते. सगळ्यांच्या वाट्याला येणारे ताण तर असतातच. त्यावर थट्टा, नकार, उघडे पडण्याची भीती आणि सतत काही तरी लपवण्याचे ओझे यांची भर पडते. हे ओझे रोजचे असते, त्याला सुट्टी नसते.

किशोरवयात ते वाढते, कारण याच वयात शरीर बदलते. आवाज फुटतो, मिसरूड येते, पाळी सुरू होते. इतरांसाठी हे बदल थोड्या अवघडलेपणाचे असतात. पारलिंगी मुलासाठी मात्र स्वतःचेच शरीर परके होऊ लागते. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवणे, आरशात पाहणे टाळणे, उन्हाळ्यातही सैल आणि जाड कपड्यांत स्वतःला झाकून घेणे, असे प्रकार यातून दिसतात.

मराठी बोलणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण आहे. मराठीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तान्ह्या बाळाला ‘ते’ म्हणताना कुणालाही वावगे वाटत नाही. पण तेच मूल बोलायला लागले की ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक निवडावे लागते. ‘आलो’, ‘बसले’, ‘खेळतो’, ‘दमले’ अशी दिवसभरात शेकडो वेळा ही निवड करावी लागते. इंग्रजीत स्वतःविषयी बोलताना क्रियापदाला लिंग नसते. मराठीत मात्र साधे ‘येतो’ म्हणून घराबाहेर पडतानाही मनातली ओळख बोलून दाखवावी लागते किंवा दडवावी लागते. अनेकदा पालकांच्या लक्षात पहिली गोष्ट येते ती हीच. मग ‘नीट बोल’ असा दम दिला जातो आणि मूल कमी बोलू लागते.

शाळेत काय घडते?

शाळेचा दिवस मुले आणि मुली अशा दोन रांगांत सुरू होतो. गणवेश, बाकांची मांडणी, कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलनातील नाच आणि स्वच्छतागृह या प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय असतात. चुकीच्या स्वच्छतागृहात जाण्याची लाज आणि भीती वाटल्याने दिवसभर पाणी न पिणारी मुले असतात. यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि मूल वारंवार आजारी पडते. घरी आणि शाळेत त्याचा अर्थ ‘अभ्यास टाळण्याचे बहाणे’ असा लावला जातो.

युनेस्को आणि चेन्नईतील ‘सहोदरन’ या संस्थेने तमिळनाडूत लैंगिक आणि लिंगभाव अल्पसंख्याकांची एक पाहणी केली होती. माध्यमिक वर्गांत असताना शारीरिक त्रास सहन करावा लागल्याचे सुमारे ६० टक्के जणांनी त्यात सांगितले. त्रासाची तक्रार शाळेकडे केली असे सांगणारे केवळ १८ टक्के होते. छळामुळे शाळा सोडावी लागलेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. तक्रार न करण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. तक्रार केली की ‘तुला का चिडवतात?’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर देणे म्हणजे जे लपवायचे तेच सांगणे.

आता शाळा सुटल्यावरही छळ थांबत नाही, कारण तो मोबाइलमधून घरी येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैन येथील एका १६ वर्षांच्या मुलाने आयुष्य संपवले. साडी नेसून केलेल्या त्याच्या एका रीलखाली विखारी प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते आणि कोणत्याही एका घटनेवरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नाही. मात्र अनोळखी प्रौढ माणसे एका शाळकरी मुलाविषयी काय लिहू शकतात, हे त्या प्रतिक्रियांनी दाखवून दिले.

मनाला आधार कशाचा मिळतो?

या विषयातील अभ्यासांतून एक दिलासादायक बाब पुढे येते. धोका वाढवणाऱ्या गोष्टी जशा ठाऊक आहेत, तशाच तो कमी करणाऱ्याही ठाऊक आहेत आणि त्या खर्चिक नाहीत.

अमेरिकेतील ‘द ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, ज्या समलिंगी, पारलिंगी आणि तत्सम तरुणांना स्वीकारणारी किमान एक प्रौढ व्यक्ती आयुष्यात होती, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता ४० टक्क्यांनी कमी होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात १५ ते २१ वयोगटातील १२९ पारलिंगी तरुणांची माहिती घेण्यात आली. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी यांपैकी आणखी एका ठिकाणी त्यांनी निवडलेले नाव वापरले जाऊ लागले, तर आत्महत्येच्या विचारांत २९ टक्के आणि आत्महत्येच्या वर्तनात ५६ टक्के घट दिसली. उलट बाजूही नोंदली गेली आहे. कॅटलिन रायन यांच्या २००९ मधील अभ्यासात, किशोरवयात घरातून तीव्र नकार वाट्याला आलेल्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता ८.४ पट जास्त आढळली.

हे अभ्यास अमेरिकेतील आहेत, त्यामुळे त्यांतील टक्केवारी पुण्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण त्यांचा रोख स्पष्ट आहे. या मुलांचे मानसिक आरोग्य सर्वांत आधी त्यांच्या आसपासच्या माणसांच्या वागण्यावर अवलंबून असते. औषधाचा किंवा तज्ज्ञाचा क्रमांक त्यानंतर येतो.

घर सुटले तर काय होते?

महाराष्ट्राला परिचित असलेल्या दोन व्यक्तींची उदाहरणे येथे बोलकी आहेत. सामाजिक कार्यकर्त्या गौरी सावंत यांचे बालपण पुण्यात गेले. वडील पोलीस दलात होते. किशोरवयातच गौरी यांनी घर सोडले आणि मुंबई गाठली. पुढे २००० मध्ये त्यांनी ‘सखी चार चौघी’ ही संस्था स्थापन केली. २०१९ च्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रातील सदिच्छादूत नेमले. २०२३ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही वेब मालिका आली. हे यश मोठे असले तरी त्याआधी पुण्यातील एका मुलाला घर सोडून अनोळखी शहरात जावे लागले, हे विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या मराठी आत्मकथनामुळे त्या वाचकांना ठाऊक आहेत. शाळकरी वयात चिडवणे आणि अत्याचार त्यांच्याही वाट्याला आले. त्या काळात मुंबईत ज्येष्ठ कार्यकर्ते अशोक राव कवी यांची भेट झाली. तुझ्यात काही बिघडलेले नाही, अभ्यासाकडे लक्ष दे, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिल्याचे लक्ष्मी यांनी अनेकदा सांगितले आहे. आई-वडिलांनीही त्यांच्याशी नाते तोडले नाही. पुढे त्या शिकल्या आणि सर्वोच्च न्यायालयातील हक्कांच्या लढाईत सहभागी झाल्या.

घर टिकणे ही मात्र अपवादाचीच गोष्ट आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी केरळ डेव्हलपमेंट सोसायटीने दिल्ली आणि उत्तर प्रदेशात केलेल्या अभ्यासात केवळ २ टक्के पारलिंगी व्यक्ती आई-वडिलांसोबत राहत असल्याचे आढळले होते. घर सुटले की शाळा सुटते, शाळा सुटली की रोजगाराचे मार्ग बंद होतात. भीक मागणे आणि देहविक्रय यांकडे समाज बोट दाखवतो. पण त्या रस्त्याची सुरुवात बऱ्याचदा नववी-दहावीच्या वर्गातून होते.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ खटल्यात तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. शिक्षण, आरोग्य, रोजगार आणि निवास यांतील भेदभावास त्याने मनाई केली. केवळ तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून वेगळे करता येणार नाही, असे कलम १२ सांगते. तृतीयपंथी व्यक्तीला घर सोडण्यास भाग पाडणे हा कलम १८ नुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते दोन वर्षांच्या कैदेची तरतूद करण्यात आली. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदाही १८ वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे. बालकाचा लिंगभाव कोणता हा प्रश्न त्यात येत नाही.

राज्यानेही काही पावले टाकली आहेत. तृतीयपंथीयांचे हक्क व कल्याणासाठी मंडळ स्थापन झाले आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरणाला मंजुरी दिली. पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून काम दिले. हे सगळे स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा लाभ मुख्यतः प्रौढांना होतो.

मग १८ वर्षांखालील मुलांची अडचण काय?

अडचण एका सहीची आहे. २०१९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलाच्या ओळख प्रमाणपत्राचा अर्ज आई-वडिलांनी किंवा पालकाने करावा, अशी अट घातली. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पुढे शिकणाऱ्या तृतीयपंथी विद्यार्थ्यांना वर्षाला १३ हजार ५०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र हवे आणि प्रमाणपत्रासाठी पालकांची सही हवी. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाचे निर्णय त्याच्या वतीने घेणारा प्रतिनिधीही पालकच असतो.

एक साधे उदाहरण घेऊ. धानोरीत राहणारे, नववीत शिकणारे एखादे मूल आहे. त्याने घरी सांगितले आणि घरच्यांनी समजून घेतले, तर विश्रांतवाडीच्या कार्यालयापासून शिष्यवृत्तीपर्यंतचा मार्ग त्याला मोकळा आहे. घरच्यांनी मारहाण केली, कोंडून ठेवले किंवा लग्न ठरवायला घेतले, तर यातील काहीच त्याच्या उपयोगाचे नाही. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्याच्यासाठीच मदतीचे दार बंद राहते.

घरातून बाहेर पडावे लागले तरी पेच सुटत नाही. ‘गरिमा गृह’ ही केंद्राच्या योजनेतील निवारागृहे १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. अल्पवयीन मुलाला बाल न्याय कायद्यानुसार बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. त्यानंतर प्रश्न येतो तो मुलांच्या बालगृहात पाठवायचे, की मुलींच्या? शाळेतल्या दोन रांगा येथेही सुटत नाहीत.

पालकांची संमती पूर्णपणे काढून टाकावी, असा याचा अर्थ होत नाही. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांचा सहभाग असणे रास्त आहे. पण घरच धोकादायक ठरते तेव्हा बाल कल्याण समिती, शाळा किंवा न्यायालय यांच्यामार्फत दुसरी वाट खुली असणे आवश्यक आहे. हिंसाचाराच्या इतर प्रकरणांत बालकांसाठी अशी वाट कायद्याने काढलेलीच आहे.

शाळांवर आता कोणती जबाबदारी आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणममधील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि ‘टेलि-मानस’सारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळकपणे लावावेत, असे त्यात म्हटले आहे. वंचित आणि दुर्बल गटांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याच्या सूचनेत समलिंगी, पारलिंगी विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या विषयावर कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

अभ्यासक्रमाच्या पातळीवर मात्र संकोच कायम आहे. पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या आक्षेपानंतर ती त्याच वर्षी संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये बारावीतील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि एनसीईआरटी यांना नोटीस बजावली. लैंगिकता शिक्षणात पारलिंगींविषयीची माहिती असावी, अशी तिची मागणी आहे.

शिक्षकांच्या खोलीत काय घडते, याचाही परिणाम वर्गावर होतो. जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेला दोन खासगी शाळांतील नोकरी गमवावी लागली होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना भरपाई मंजूर केली आणि समान संधीचे धोरण सुचवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिथे पारलिंगी शिक्षिकेला जागा नाही, तिथे आपल्याला जागा असेल असे विद्यार्थ्याला कशाच्या आधारे वाटावे?

शाळेला मोठ्या खर्चाशिवायही बरेच करता येते. एखादे सर्वांसाठी खुले स्वच्छतागृह ठेवणे, गणवेशात पँट किंवा सलवारीचा पर्याय सर्वांना देणे, हजेरी घेताना फक्त आडनाव किंवा क्रमांक पुकारणे आणि ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द जातिवाचक शिवीइतक्याच गांभीर्याने घेणे. महाराष्ट्रातील शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या आणि तक्रारपेट्या असणे अपेक्षित आहे. त्यांच्या कामात हा विषय आणला तर नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही.

‘बरे करण्याचे’ उपाय आणि वैद्यकीय उपचारांचे काय?

मूल असे काही बोलले की अनेक घरांत आधी देवऋषी, मग ‘सरळ करणारा’ डॉक्टर शोधला जातो. अशा कथित ‘रूपांतरण’ उपचारांना वैद्यकीय आधार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये त्यांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्यामुळे ‘पोराला सुधारून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

पौगंडावस्था लांबवणाऱ्या औषधांवर मात्र जगभर खरा वाद आहे. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. या औषधांच्या परिणामांविषयीचे पुरावे कमकुवत असल्याचे त्यांनी नोंदवले. तेथील सरकारी आरोग्य सेवेने मार्चमध्येच ती सरसकट देणे थांबवले होते. याउलट, तज्ज्ञांच्या अनेक संघटना योग्य तपासणीनंतर काही किशोरांसाठी ती उपयुक्त मानतात. मात्र वयात येण्यापूर्वी कोणत्याही औषधोपचाराची गरज नसते, यावर मतभेद नाहीत. मुलाला मानसिक आणि कौटुंबिक आधार हवा, हेही दोन्ही बाजूंना मान्य आहे. म्हणूनच मुलाने मन मोकळे केले की लगेच इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार करून घाबरण्याचे कारण नाही. त्या क्षणी मुलाला फक्त आपले ऐकले जाते आहे, एवढे कळायला हवे असते.

पालकांनी काय करावे?

पहिल्या पाच मिनिटांतली प्रतिक्रिया मूल आयुष्यभर लक्षात ठेवते. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो त्या वेळी मुलासमोर उच्चारू नये. ‘मला हे नवीन आहे, समजून घ्यायला वेळ लागेल, पण तू आमचाच आहेस’ किंवा ‘आमचीच आहेस’ इतके म्हणणे पुरेसे असते. त्यातले कोणते रूप वापरावे हे मुलालाच विचारले, तर निम्मे काम होते.

मुलाच्या परवानगीशिवाय आजी-आजोबा, मामा किंवा शिक्षकांना सांगू नये. मोबाइल काढून घेणे, मित्रमैत्रिणी तोडणे, केस किंवा कपड्यांवरून मारहाण करणे यांमुळे ओळख बदलत नाही. मूल फक्त बोलणे थांबवते. सतत एकटे राहणे, झोप उडणे, गुणांत अचानक घसरण, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अंगावर जखमांच्या खुणा किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा दिसली, तर थांबू नये. आत्महत्येचा विचार येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

पालकांनाही आधार लागतो. मुंबईत २०१७ मध्ये ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ हा पालकांचा गट सुरू झाला. समलिंगी विवाहाच्या सुनावणीवेळी, एप्रिल २०२३ मध्ये, ४०० हून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांची बाजू घेतली. आपण एकटेच नाही, हे कळणे मुलांइतकेच आई-वडिलांनाही गरजेचे असते.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर २४ तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मुलाला घरात धोका असेल तर १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत १० ते १९ वयोगटासाठी महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात आणि मानसिक आरोग्य हा त्या कार्यक्रमाच्या सहा विषयांपैकी एक आहे. पुण्यात या विषयावर मराठीतून बोलण्याची परंपराही आहे. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये येथे समपथिक ट्रस्टची स्थापना केली आणि लैंगिकतेवर सोप्या मराठीत लेखन केले.

समुपदेशक निवडताना एक प्रश्न आधीच विचारावा : ‘तुम्ही मुलाला बदलण्याचा प्रयत्न करणार, की त्याला आहे तसे समजून घेणार?’ उत्तर पहिले असेल तर दुसरा समुपदेशक शोधावा.

पुढे काय?

प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, धोरण आणि निवारा यांची गरज आहेच. या सगळ्यांचा रस्ता मात्र पालकांच्या सहीवरून जातो आणि ती सही करणारा हात घरात असतो. त्यामुळे शासनाने या किशोरांसाठी काही करायचे ठरवले, तर खर्च आणि प्रशिक्षण यांचा मोठा वाटा पालक आणि शिक्षक यांच्याकडे जायला हवा. सही नाकारली गेली, तर पर्यायी वाट कोणती, याचेही उत्तर नियमांत असायला हवे. अठरावा वाढदिवस येईपर्यंत ते मूल शिकत राहील, घरात राहील आणि जिवंत राहील याची हमी मिळाली, तर सामाजिक न्याय भवनाच्या पायऱ्या ते पुढे स्वतःच्या पायांनी चढेल.